लार्नाकाहून बाबांना

लार्नाका, सायप्रस
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय आई-बाबा,

आत्ता शिवडीत पहाटेचे तीन वाजले असतील. फोन केला असता तर घाबरून उठला असतात. शिवाय हे फोनवर मला सांगताच येत नाही. बाबा विचारतात, "गोल झाला का?" मी म्हणते, "नाही." मग दोन्हीकडे शांत होतं आणि आई "जेवलीस का?" म्हणून विषय बदलते. इथे क्लबकडून फुटबॉलच्या सात मॅच झाल्या, असंच चाललंय. म्हणून आज लिहायला बसले.

आज आम्ही १-० ने जिंकलो. गोल माझा नाही. पण बाबा, तो कसा झाला ते ऐका. साठ मिनिटं होऊन गेली होती. आमची विंगर उजवीकडून बॉल घेऊन निघाली आणि मी जवळच्या पोस्टकडे जीव तोडून धावले, बॉल माझ्याकडेच येणार अशी. त्यांची उंच डिफेंडर पहिल्या मिनिटापासून माझ्या पाठीला चिकटलेली होती, ती माझ्यामागे ओढली गेली. ती हलल्यावर मध्ये जी जागा मोकळी झाली, तिथे आमची मिडफिल्डर मागून आली आणि तिने बॉल सरळ जाळ्यात घातला. कागदावर गोल तिचा, पास विंगरचा. माझं नाव कुठेच नाही. तरी मॅच संपल्यावर कोच सगळ्यांत आधी माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "ती धाव तुझी होती." मला इतकं बरं वाटलं की बूट काढायचंही सुचेना.

जर्सीच्या आत आम्ही एक पट्टा घालतो, त्यात पाठीवर लहानसं यंत्र असतं. कोण किती धावलं, किती वेळा पूर्ण वेगाने धावलं, हे मॅचनंतर त्यावरून कळतं. आज माझे साडेनऊ किलोमीटर झाले. बॉल माझ्या पायाशी मोजून दोन मिनिटंही नसेल. राहिलेली अठ्ठ्याऐंशी मिनिटं मी जे करते, त्याचा मला इथे पगार मिळतो. हे कळायला मलाच चार महिने लागले. आपल्या मैदानावर बॉल जिथे, तिथे मी. इथे पहिल्या महिन्यात कोच रोज ओरडायच्या, "बॉलकडे येऊ नकोस, लांब जा!" शेवटच्या डिफेंडरच्या खांद्याला खांदा लावून उभं राहायचं, पास सुटेपर्यंत थांबायचं आणि सुटला की पळायचं. अर्धं पाऊल आधी पळाले तर ऑफसाइड म्हणून खेळ थांबतो, अर्धं पाऊल उशिरा तर बॉल गेला. दहातल्या नऊ वेळा बॉल येतच नाही. तरी दहाव्यांदा तेवढ्याच जोरात पळायचं. बाबा, मला सगळ्यात जड जातं ते हे. दम टिकतो, मन कधीकधी टिकत नाही.

मेलबर्न ऑलिम्पिकची गोष्ट तुम्ही इतक्यांदा सांगितलीत की लहानपणी मला वाटायचं, तुम्ही स्टेडियममध्येच होतात. १९५६ साली तर तुमचा जन्मही झाला नव्हता! नेव्हिल डिसूझांनी ऑस्ट्रेलियाला तीन गोल मारले, आपण ४-२ ने जिंकलो, ऑलिम्पिकमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई. सगळं मला पाठ आहे. हल्ली मनात येतं, त्या तीन गोलांच्या आधी डिफेंडरना कोणी कुठे ओढून नेलं असेल? तुमच्या गोष्टीत ते कधी आलं नाही. जूनमध्ये घरी आले की आपण दोघं शोधून काढू.

आता काँट्रॅक्टचं. काकांना आणि चाळीत कुणालाही "पोरगी युरोपात सेटल झाली" असं सांगू नका. काँट्रॅक्ट एका सीझनचं आहे, मे अखेरीस संपतं. खोली आणि दुपारचं जेवण क्लबचं, पगारातून ओंकारची फी निघते आणि थोडं शिल्लक राहतं. पुढच्या वर्षी ठेवतील का, ते मार्च-एप्रिलमध्ये कळेल. मला भीती वाटत नाही असं नाही. पण मी नऊ वर्षांची असताना महिंद्रा युनायटेड बंद झाली, ते मला आठवतंय. २००५-०६ ला नॅशनल लीग जिंकलेली आपल्या मुंबईची टीम २०१० मध्ये बंद झाली आणि तुम्ही दोन दिवस धड जेवला नाहीत. चांगलं खेळणाऱ्यांचंही असं होतं, हे मी घरातच पाहिलंय.

नोव्हेंबरमध्ये आमच्या एका मुलीचा गुडघा गेला, लिगामेंट तुटलं. मुलींमध्ये हे मुलांपेक्षा जास्त होतं. आई, घाबरू नकोस. मी गुडघ्यांचे व्यायाम रोज वीस मिनिटं करते, एकही दिवस चुकवत नाही.

मी इथे आले तेव्हा "भारतातल्या मुली फुटबॉल खेळतात?" असं मला कुणीही विचारलं नाही. ते मनीषा कल्याणमुळे. इथून तासाभरावर लिमासोल आहे, तिथल्या अपोलॉन क्लबकडून ती २०२२ मध्ये महिला चॅम्पियन्स लीग खेळली, पहिली भारतीय. त्याआधी २०२० मध्ये आपली बाला देवी ग्लासगोच्या रेंजर्स क्लबकडे गेली होती. तिचा पेपरातला फोटो अजून माझ्या कपाटाच्या दारावर असेल, तो काढू नका.

एक राहिलंच. सरावाहून परत येताना वाटेत खाऱ्या पाण्याचं मोठं तळं लागतं आणि हिवाळ्यात त्यात फ्लेमिंगो उतरतात. पहिल्यांदा दिसले तेव्हा मी सायकल थांबवून रस्त्याकडेला उभी राहिले. तेच लांब पाय, तीच डोकं उलटं करून चिखल गाळायची पद्धत. बाबा, शिवडीच्या जेट्टीवर तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचात. आता तिकडेही आले असतील ना? ओहोटीला जाऊन या आणि किती आहेत ते कळवा.

आई, मालवणी मसाला संपत आलाय. कुरिअर करू नकोस, फार महाग पडतं. पुरवून वापरीन.

पुढच्या रविवारी मॅच तिकडच्या साडेसहाला आहे. ओंकारला लिंक पाठवते. कॅमेरा एकच असतो आणि तो सारखा बॉलच्या मागे फिरतो, त्यामुळे मी बऱ्याचदा दिसणार नाही. बाबा, मी चित्रातून बाहेर गेले की बॉल सोडून द्या. ९ नंबर परत कुठून आत येते आणि तिच्यामागे कोण येतं, तेवढं बघा. मग फोनवर मला तेच सांगा.

तुमची,
माऊ