साक्षीपुराव्याविषयी, चि. मुक्तास

सातारा

चि. मुक्ता हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर मी बोललो ते बोलायला नको होते. ग्रीन कार्डासाठी, म्हणजे अमेरिकेत कायम राहण्याच्या परवान्यासाठी, आपण असामान्य आहोत असा अर्ज स्वतःच करायचा, हे आमच्या पिढीला कळणार नाही, असे मी म्हणालो आणि तू फोन ठेवलास. त्यानंतरचे 4 दिवस मी तुझ्या वकिलांनी दिलेली कागदांची यादी आणि तिथले नियम वाचत बसलो आहे. 31 वर्षे न्यायालयाच्या कचेरीत कागद लावलेल्या माणसाला दुसरे येते तरी काय? तू घरी केव्हा येणार हे या पत्रात विचारायचे नाही, असे तुझ्या आईला कबूल केले आहे.

मला समजले ते असे. अमेरिकेच्या 1990 च्या कायद्यातून आलेल्या या 'असामान्य क्षमते'च्या वर्गात नोकरी देणारा लागत नाही, आपला अर्ज आपणच करता येतो. नोबेलच्या तोडीचे पारितोषिक असेल तर गोष्ट वेगळी. नसेल तर 10 निकषांपैकी निदान 3 पुरे करावे लागतात. कलाप्रदर्शन आणि नाटक-सिनेमाचा गल्ला हे निकष तुझ्या उपयोगाचे नाहीत, आणि भरघोस पगाराचा निकष तर तुझा पोस्टडॉकचा, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाचा, पगार आठवून मी हसून बाजूला ठेवला. नुसती वर्गणी भरून मिळणारी सभासदत्वेही चालत नाहीत. उरले तुझे शोधनिबंध, इतरांच्या निबंधांचे तू केलेले परीक्षण, आणि तुझ्या विषयात मोठा फरक पाडणारे तुझे स्वतःचे काम. परीक्षणाचे नुसते निमंत्रण पुरत नाही, ते पूर्ण केल्याचा कागदही लागतो, तेव्हा ती पत्रे पुसून टाकू नकोस. खरी कसोटी तिसऱ्या निकषाची आहे. निबंध छापून आला एवढ्याने भागत नाही. कोणत्या प्रयोगशाळेने तुझी पद्धत उचलली, क्षयाच्या उपचारांविषयी लिहिताना कोणी तिचा आधार घेतला, हे दाखवावे लागते.

इथे माझा कचेरीतला अनुभव सांगतो. तू सांगितलेल्या 6 शिफारसपत्रांपैकी 5 तुझ्या गाइडच्या गोतावळ्यातली आहेत. नात्यातल्या साक्षीदाराची साक्ष खोटी ठरत नाही, पण ती वजनाला कमी भरते. ज्यांनी तुला कधी पाहिलेही नाही आणि तरी तुझे काम वापरले, अशांची पत्रे मिळव, आणि त्यांत विशेषणे कमी व घडलेल्या गोष्टी अधिक असू देत. काझारियन नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाच्या खटल्याचा निकाल 2010 साली लागला, तेव्हापासून तिथे दोन पायऱ्यांनी तपासणी होते: आधी निकष मोजतात, मग सगळा पुरावा एकत्र ठेवून ही व्यक्ती तिच्या क्षेत्रात अगदी वरच्या मोजक्यांत बसते का, आणि तिचा लौकिक टिकून आहे का, हे पाहतात. म्हणजे तीन निकषांवर खूण झाली म्हणून निर्धास्त होऊ नकोस.

तुझ्या निवेदनाचा मसुदाही वाचला. सगळीकडे 'आम्ही केले' असे आहे. कल्पना तुझी होती तिथे 'मी' लिही. स्वतःविषयी बोलू नये ही शिकवण आमचीच, आणि आता मीच तुला उलटे सांगतो आहे. त्यातही पुन्हा उपदेशच झाला, क्षमा कर. आप्पांच्या क्षयाच्या गोळ्या चालू होत्या तेव्हा तू 11 वर्षांची होतीस. 6 महिने रोज सकाळी कॅलेंडरवर रेघ मारायचीस, आणि एका दिवशी त्यांनी गोळी तोंडातून काढून कुंडीत टाकली, ते तुझ्याच लक्षात आले. औषध घेऊनही काही जंतू का टिकतात, हे तू आज शोधते आहेस. त्याची सुरुवात मला त्या कुंडीपाशी दिसते. अर्थात हा पुरावा कोणी दाखल करून घेणार नाही.

अर्ज मंजूर झाला म्हणजे कार्ड हातात आले असे नाही, हे मात्र मला उशिरा कळले. रांग जन्माच्या देशावरून लागते, वर्षाच्या कार्डांपैकी एका देशाच्या वाट्याला सर्वसाधारणपणे 7 टक्क्यांपेक्षा अधिक येत नाहीत, आणि भारतात जन्मलेल्यांची रांग याही वर्गात लांबते. तोवर इकडे यायचे तर परत जाताना पुन्हा व्हिसाचा शिक्का. 4 वर्षे तू त्याच भीतीने आली नाहीस, हे मी जाणतो. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या कमल रणदिवे अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत शिकून मुंबईला परतल्या आणि इथे त्यांनी ऊतिसंवर्धनाची, म्हणजे पेशी शरीराबाहेर वाढवण्याची, प्रयोगशाळा उभी केली, हे मी रविवारी तुला ऐकवणार होतो. बरे झाले तू आधीच फोन ठेवलास. तो काळ वेगळा होता, आणि तुलना करण्याचा मला अधिकार नाही.

तू मागितलेली प्रमाणपत्रे स्कॅन करून पाठवली आहेत. नववीतल्या विज्ञान प्रदर्शनाचे कात्रण तुझ्या आईने हट्टाने त्यांत घातले. वकिलांना दाखवू नकोस, तुझ्याजवळ ठेव.

आईच्या दुसऱ्या डोळ्याचे ऑपरेशन दिवाळीनंतर करायचे ठरले आहे. तारीख मी मुद्दाम लिहीत नाही. तू विचारलीस तर सांगेन.

तुझा,
बाबा