उंची-वजनाचे आकडे प्रगतिपुस्तकातच का पडून राहतात?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळकरी मुलांच्या लठ्ठपणावर आपल्या अंकात वाचकांची पत्रं येत आहेत. कुणी मोबाइलला धरलंय, कुणी क्लासेसना, कुणी शाळेच्या फाटकासमोरच्या गाड्यांना. एकाने तर थेट मिसळीला. मिसळ नाशकात आजची नाही, तिला उगाच मध्ये ओढू नये. बाकीची कारणं खरी असतीलही. पण हे सगळं कधीपासून, कोणत्या वयात, मुलग्यांत जास्त की मुलींत, सिडकोत जास्त की पंचवटीत, एवढं जरी विचारलं तरी सांगणारं कुणी भेटत नाही.

पंचवटी कारंजाजवळ माझं शाळेचे गणवेश शिवायचं दुकान आहे, वडिलांच्या वेळचं. मापाच्या वह्या आम्ही टाकत नाही. धाकटं भावंड पुढे येतं, तेव्हा थोरल्याचं पान काढलं की कापडाचा अंदाज येतो. वडिलांच्या अक्षरातल्या पानांवर २८-३० कंबर दिसली की समोर इयत्ता नववी नाहीतर दहावी असते. माझ्या अक्षरातल्या पानांवर तीच कंबर पाचवी-सहावीसमोर सर्रास दिसते. आणि त्याच पानावर दोन ओळी खाली पेठ-सुरगाण्याकडून द्राक्षबागेच्या कामाला आलेल्या घरातला मुलगा असतो. आठवीतला, कंबर २२. तयार पँट अंगावर राहत नाही म्हणून शिवायला येतो. तोवर जुनी करदोड्यात खोचून चाललेली असते आणि शर्टाची खांद्याची शिवण दंडावर उतरलेली असते. लठ्ठपणाच्या पत्रांमध्ये हा मुलगा मला कुठेच दिसला नाही.

माझ्या वहीला मी शास्त्र म्हणत नाही. दुकानात येतील तेवढ्यांचीच मापं ती, आणि हल्ली बरेच जण तयार गणवेशच घेतात. त्यात इलास्टिकने घोळ केलाय. पूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आया पँट घेऊन यायच्या, "मास्तर, कमरेची माया सोडा." पोर किती भरलं ते तिथल्या तिथे कळायचं. आता निम्म्या कमरेला इलास्टिक. ते वर्षभर ताणत राहतं, आणि पोर सुटलंय हे आईला मामाच्या लग्नात शेरवानीचा हुक लागेना तेव्हा समजतं.

माझा पुतण्या सातपूरच्या कारखान्यातून कामासाठी जपानला गेला, तो बायको-मुलीसह तिथेच आहे. मुलगी तिथल्या प्राथमिक शाळेत जाते. वर्ष सुरू झालं की शाळेत उंची-वजन होतं आणि मागच्या वर्षीच्या आकड्यांखाली नवे आकडे लिहून कागद घरी येतो. त्याने फोटो पाठवला, खाली लिहिलं, "काका, तुमच्या वहीसारखं आहे बघा." तेव्हापासून मी त्या विषयाच्या मागे लागलो.

शाळकरी मुलांच्या उंची-वजनाची जपानच्या शिक्षण खात्याची ही पाहणी १९०० सालापासूनची आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खंड पडला. १९४८ साली पुन्हा मापं घेतली, तेव्हा मुलांची सरासरी उंची युद्धाआधीपेक्षा कमी भरली. पोरांनी काढलेली उपासमार सरकारी तक्त्यात सेंटिमीटरमध्ये उतरली होती. आता ५ ते १७ वर्षांच्या मुलांची पाहणी दरवर्षी होते. मापं एप्रिल ते जून याच महिन्यांत घेतात, आणि निवडलेल्या शाळांचे आकडे वयवार, प्रांतवार, मुलगे-मुली वेगळे करून छापतात.

जाड कुणाला म्हणायचं आणि काटकुळं कुणाला, तेही ठरलेलं आहे. मुलाचं वय, मुलगा की मुलगी, आणि त्याची उंची यांवरून अपेक्षित वजन काढतात. त्याच्या २० टक्के किंवा त्याहून वर गेला तर जाड, २० टक्के किंवा त्याहून खाली तर काटकुळा. म्हणजे अपेक्षित वजन ३० किलो असेल तर ३६ पासून पुढे एक टोक आणि २४ पासून खाली दुसरं. २००६ पूर्वी तिथे उंची धरत नसत, त्या वयाच्या सरासरी वजनाशीच तुलना करत. त्यात नुसता उंच मुलगाही जाड ठरायचा. पद्धत बदलली आणि अलीकडचे-पलीकडचे आकडे सरसकट ताडून पाहू नका असं बजावलं गेलं. २०२० मध्ये करोनामुळे मापं वर्षअखेरपर्यंत लांबली, तेव्हाही तसंच. टेप बदलला की वहीत खूण करावी, तसा हा प्रामाणिकपणा आहे आणि मला तो आवडला.

एवढ्या वर्षांचे आकडे हाताशी असल्यावर काय दिसतं? १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून जाड मुलांचं प्रमाण चढत गेलं, या शतकाच्या सुरुवातीला टोकाला पोचलं, मग काही वर्षं उतरलं आणि करोनाच्या सुमारास पुन्हा वाढलं. दहा-अकरा वर्षांच्या मुलग्यांत आजही दहांत एकाहून जास्त जाड आहेत. दरम्यान काटकुळ्या मुलांचं प्रमाणही हळूहळू वाढत गेलं. मधली उतरण कशामुळे? शाळेतल्या जेवणामुळे, २००५च्या आहारशिक्षण कायद्यामुळे, की आणखी कशाने? यावर वाद घालता येईल, पण तो घालायला त्यांच्याकडे आकडे आहेत. २०११च्या भूकंपानंतर किरणोत्साराच्या भीतीने फुकुशिमातल्या मुलांचं बाहेर खेळणं आटलं आणि पुढच्याच वर्षीच्या पाहणीत त्या प्रांतात जाड मुलांचं प्रमाण वर गेलेलं दिसलं. आधीचे आकडे नसते तर कुणाला पत्ताही लागला नसता.

आपल्याकडे काहीच होत नाही असं नाही. सहा वर्षांपर्यंत अंगणवाडीताई दर महिन्याला वजन घेतात. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३६.१ टक्के मुलं कमी वजनाची निघाली. त्याच पाहणीत जादा वजनाची मुलं आधीच्या पाहणीतल्या १.९ वरून ४.१ टक्क्यांवर गेली. माझ्या वहीतल्या त्या दोन ओळीच जणू. पण पोर पहिलीत गेलं की दरमहाचा काटा सुटतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून सुरू झाला, त्याचं पथक वर्षातून एकदा शाळेत यायचं असतं. शिवाय प्रगतिपुस्तकात उंची आणि वजन असे दोन रकाने असतातच.

ते कसे भरतात तेही पाहिलंय. एका शाळेत मापं घ्यायला गेलो होतो, नाव सांगत नाही. बाई हजेरीपटावरून नावं पुकारत होत्या आणि मुलं आपापलं वजन तोंडी सांगत होती. "सत्तावीस." "मागच्या वर्षी किती होतं?" "सत्तावीस." "बरं, अठ्ठावीस लिहिते." काटा होता, पण कपाटात, स्प्रिंग ढिली, रिकामा असतानाही दोन किलो दाखवणारा. बाईंच्या टेबलावर तेव्हा तीन वेगवेगळ्या याद्या होत्या, त्यांना दोष कसा द्यायचा?

वजन करायचं म्हणजे वर्गासमोर ओरडून नव्हे, हेही सांगतो. "मास्तर, ढोल्याचं माप घ्या" असं आई म्हणाली की मुलगा पोट आत ओढतो आणि माप चुकतं. मी पडद्यामागे घेतो, आकडा बोलत नाही, लिहितो. शाळांनीही एवढं पाळावं.

माझं मागणं मोठं नाही. सुरुवात महापालिकेच्या शाळांतून व्हावी. शाळा उघडल्यावर ठरावीक पंधरवड्यात बूट-दप्तर काढून उंची-वजन घ्यावं. तोलून पाहायला तक्ते बाहेरून आणायला नकोत. ५ ते १८ वर्षांच्या भारतीय मुलांसाठी इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सचे २०१५चे तक्ते आहेत. प्रगतिपुस्तकात मागच्या वर्षीच्या आकड्यासाठी शेजारी एक रकाना वाढवावा, प्रत्येक शाळेला एक नीट काटा द्यावा, आणि मुलांची नावं वगळून शाळावार बेरीज महापालिकेने दरवर्षी जाहीर करावी, जाड आणि काटकुळी दोन्ही. येत्या जूनला जमणार नसेल तर तसं सांगून पुढच्या जूनची तारीख द्यावी.

आपला वाचक,
शाळेचे गणवेश शिवणारा एक टेलर,
पंचवटी, नाशिक