बोटीखाली झोपायला लावणाऱ्या काकांना

काका,

स. न. वि. वि.

तोंडावर आभार मानले की तुम्ही विषय बदलता, नाहीतर ब्रश उचलून दुसऱ्याच कुणाच्या बोटीकडे चालू लागता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत. रंगवलेला तळ एकदा पाण्यात गेला की त्यामागे कुणाचा हात होता ते कुणाला दिसत नाही. माझ्या बोटीपुरतं तरी ते लिहून ठेवायचं आहे.

मी घेतली तेव्हा ही बोट बरेच महिने एकाच जागी बांधून होती. वरून झकास दिसत होती. क्रेनने पाण्याबाहेर काढली आणि बघणारे सगळे गप्प झाले. पाणरेषेला हिरव्या शेवाळाची झालर, त्याखाली बार्नाकल या चिकटून बसणाऱ्या कवचधारी समुद्री जिवांचे पांढरे खडबडीत पट्टे, सुकाणूच्या सांध्यात शिंपल्यांचे घोस. बोटीला पुढे ढकलणाऱ्या पंख्याला पाती किती आहेत तेही कळेना. कुणीतरी सुचवलं, "चार दिवस उन्हात राहू दे, सगळं आपोआप मरेल." तुम्ही पलीकडच्या बोटीखालून डोकं बाहेर काढलंत आणि म्हणालात, "मरेल, पण सुटणार नाही." मग माझ्याकडे बघून, "अगं, उभी काय राहिलीस? ओलं आहे तोवर पाणी मार!"

तेव्हा आपली साधी ओळखही नव्हती. तरी फवाऱ्याचा पाइप तुम्हीच आधी हातात घेतलात. बुळबुळीत थर आणि शेवाळ ओलं असताना पाण्याच्या जोरावर पापुद्र्यासारखं सुटत होतं. जिथे फवारा पोचायला उशीर झाला तिथे तेच वाळून असं घट्ट बसलं की दुसऱ्या दिवशी नखाने उकरावं लागलं. बार्नाकल काढायला तुम्ही मला प्लास्टिकचं पातं दिलंत आणि ते तळाला जवळजवळ आडवं टेकवून ढकलायला शिकवलंत, म्हणजे कवच उडतं आणि खालच्या जेलकोटला, म्हणजे तळाच्या गुळगुळीत वरच्या थराला, ओरखडा जात नाही. कवच गेलं तरी खाली चुन्याची गोल चकती राहतेच. तिच्यावर हातमोजे आणि चष्मा घालून पातळ आम्ल लावलं, फेस आला, भरपूर पाण्याने धुतलं. "चकतीवर रंग चढवलास तर चकती निघताना रंग घेऊनच निघेल," हे तुमचं वाक्य मी त्यानंतर दुसऱ्यांनाही ऐकवलं आहे, तुमचं नाव न सांगता. त्याबद्दल माफ करा.

पण खरे आभार मानायचे आहेत ते त्या भिंगाबद्दल.

धक्क्याच्या कडेला तुम्ही दोरीने एक प्लास्टिकची पट्टी पाण्यात सोडून ठेवता. कशासाठी, ते मला बरेच दिवस कळलं नव्हतं. एकदा ती वर ओढून तुम्ही माझ्या हातात दिलीत आणि खिशातून भिंग काढलंत. पट्टीवर तपकिरी बुळबुळीत थर होता, बोटाने पुसला जाईल असा. त्यात टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे ठिपके. भिंगातून बघितलं तर प्रत्येक ठिपका म्हणजे कवचाच्या चिमुकल्या पाकळ्यांचं रिंगण. आणि एका बाजूला अर्ध्या मिलिमीटरचा एक पिवळसर कण. मी त्याला घाण समजून पुढे सरकणार, तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "थांब, तो चालतोय." खरंच चालत होता! डोक्यापुढच्या दोन स्पर्शिका आळीपाळीने टेकवत, जागा चाचपत.

बार्नाकलची अळी आधी पाण्यात तरंगत खात-पीत सहा अवस्थांतून जाते आणि मग हे सायप्रिड नावाचं रूप घेते. सायप्रिड काहीच खात नाही. साठवलेल्या चरबीवर जगत फक्त घर शोधतं. पाऊल टेकेल तिथे प्रथिनाचा सूक्ष्म ठसा सोडतं आणि तो ठसा दुसऱ्या सायप्रिडला बोलावतो. मोठ्या बार्नाकलच्या कवचाचा मागही असाच ओढून आणतो. जागा पसंत पडली की डोकं खाली करून पाण्यातही घट्ट होणारा गोंद सोडतं आणि तिथेच जन्म काढतं, डोक्यावर उभं राहून पायांनी पाण्यातलं अन्न तोंडात ओढत. चार्ल्स डार्विनने १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षं याच प्राण्यांच्या अभ्यासात घालवली हे तुम्ही सांगितलंत, तेव्हा मला ती थाप वाटली होती. मग वाचलं, खरं आहे. आठ वर्षं! मला एका बोटीच्या तळाने आठवड्यात हैराण केलं होतं.

त्या पट्टीनंतर माझा तळाकडे बघण्याचा हिशोबच बदलला. पाण्यात बोट उतरली की काही मिनिटांतच सेंद्रिय द्रव्यांचा अदृश्य थर बसायला लागतो, एक-दोन दिवसांत जिवाणू आणि डायटम नावाचं सूक्ष्म शेवाळ येतं, मग शेवाळाचे बीजाणू, मग या अळ्या. पहिल्या टप्प्यात मऊ फडकं पुरतं. ठिपके दिसायला लागले तरी थोडा जोर लावून काम भागतं. कवच कडक झालं की पातं लागतं, आणि पातं लागलं की रंगाचं नुकसान ठरलेलंच. पाणी कोमट असेल आणि बोट उभी असेल तर हे टप्पे भराभर उलटतात. म्हणून तुमची पट्टी. ती बघून तुम्ही ठरवता की या आठवड्यात पाण्यात उतरायचं की नाही. कॅलेंडरवर खूण करून दर महिन्याला तळ घासणाऱ्यांना तुम्ही हसता ते का, हे आता कळलं.

रंगाच्या बाबतीत मी तुमच्याशी वाद घातला होता, आठवतंय? मला सगळ्यात कडक, सगळ्यात टिकाऊ रंग हवा होता. तुम्ही म्हणालात, "जो झिजत नाही तो काम करत नाही," आणि हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाची गोष्ट सांगितलीत. १७६१ मध्ये ब्रिटिश आरमाराने अलार्म नावाच्या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. लाकूड पोखरणारी समुद्री अळी आणि शेवाळ दोन्ही दूर राहिली, पण पत्र्यांना लागून असलेले लोखंडी खिळे गंजून गेले. पुढे तांबं स्वतःच विरघळतं ही तक्रार आली, तेव्हा हम्फ्री डेव्हीने १८२४ मध्ये पत्र्यांना लोखंडाचे आणि जस्ताचे छोटे तुकडे जोडून ते थांबवलं. प्रयोग उत्तम जमला. तांबं शाबूत राहिलं आणि जहाजांच्या तळावर शेवाळ-बार्नाकलचं रान माजलं! तांबं विरघळत होतं म्हणूनच तळ स्वच्छ होता. आज रंगात क्युप्रस ऑक्साइड हे तांब्याचं संयुग असतं, तेही हळूहळू विरघळूनच काम करतं. ही गोष्ट ऐकल्यावर मी निमूट स्वतःहून झिजत जाणारा रंग घेतला. माझी बोट नियमित फिरते, त्यामुळे पाण्याच्या घर्षणाने ताजा थर वर येत राहतो. कडक रंगात तांबं निघून जातं आणि पोकळ थर मागे उरतो, आणि त्यावर दरवर्षी नवा थर चढवत गेलं की एक दिवस सगळंच पोपडे होऊन सुटतं. माझ्या बोटीवर आधीच्या मालकाने नेमकं तेच करून ठेवलं होतं.

ते जुने थर काढताना तुम्ही कोरडं घासू दिलं नाहीत. ओला पॉलिशपेपर, तोंडाला योग्य मास्क, खाली ताडपत्री, आणि निघालेला चिखल गोळा करून वेगळा. मला तो अतिरेक वाटला होता. मग तुम्ही फ्रान्समधल्या आर्काशोंच्या खाडीचं सांगितलंत. ट्रायब्युटिलटिन नावाचं कथिलाचं संयुग असलेले रंग तळ असे स्वच्छ ठेवत की सगळे त्यावर खूश होते. पण त्याच खाडीत कालवांची कवचं वेडीवाकडी जाड व्हायला लागली आणि कालवांची शेती कोसळली. १९८२ मध्ये फ्रान्सने २५ मीटरपेक्षा लहान बोटींवर त्या रंगांना बंदी घातली. इतरत्र किनाऱ्यावरच्या गोगलगायींच्या माद्यांना नराचे अवयव फुटत असल्याचं दिसलं, तेही लिटरभर पाण्यात काही नॅनोग्रॅम एवढ्या मात्रेने. जगभराच्या बंदीचा करार २००१ मध्ये झाला आणि १७ सप्टेंबर २००८ला अमलात आला. एवढा काळ तो रंग पाण्यात जातच होता. तांब्याचा रंग त्याहून सौम्य असला तरी विषच. तो बोटीवर हवा, खाडीच्या तळाच्या गाळात नको. झिजणारा रंग पाण्यात ब्रशने खसखसून घासला की लाल-निळा ढग उठतो, तो तुम्ही एकदा दाखवलात. त्या ढगात माझे पैसेही होते.

रंग लावायचा दिवस मात्र मजेचा होता. डबा उघडल्यावर तुम्ही काठी तळापर्यंत घालून ढवळायला लावलंत, हात भरून येईपर्यंत, कारण जड तांबं खाली बसतं आणि वरचं पातळ लावलं तर नुसता रंगच लागतो. एपॉक्सी प्रायमरच्या अस्तरावर रंगाचा पहिला हात कधी द्यायचा, ते तुम्ही अंगठ्याने ठरवलंत: ठसा उमटला पाहिजे, पण रंग अंगठ्याला लागता कामा नये. दर काही मिनिटांनी आपण दोघं बोटीखाली उताणे पडून अंगठे टेकवत होतो; येणारे-जाणारे काय समजले असतील देव जाणे. पहिला हात लाल, वरचे निळे, म्हणजे लाल दिसायला लागलं की रंग संपत आलाय हे आपोआप कळावं. पाणरेषा, पुढचं टोक आणि सुकाणूच्या कडा यांना एक हात जास्त, कारण पाणरेषेला ऊन आणि बाकीच्यांना पाण्याचा मार. बोट ज्या टेकूंवर उभी होती त्यांच्या खालचे चौकोन सगळे विसरतात. तुम्ही टेकू एकेक करून सरकवलेत आणि तेही रंगवून घेतलेत. बोटीच्या धातूऐवजी स्वतः झिजणाऱ्या जस्ताच्या तुकड्यांना, म्हणजे अॅनोडना, मात्र रंगाचा थेंब लागू दिला नाहीत.

त्याच दुपारी पलीकडचे एक गृहस्थ अॅल्युमिनियमच्या ड्राइव्हला, म्हणजे इंजिनाची ताकद पंख्यापर्यंत नेणाऱ्या पाण्यातल्या भागाला, आपला उरलेला रंग लावायला निघाले होते. तुम्ही ब्रश त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतलात. तांब्याच्या सान्निध्यात खाऱ्या पाण्यात अॅल्युमिनियम कुरतडलं जातं, त्याला तांबंविरहित रंगच हवा. ते तेव्हा रागावले. नंतर कुणाकडून तरी खात्री करून घेतली असावी, कारण आता तुम्हाला लांबूनच हात करतात.

एक गोष्ट मला तेव्हा सुचलीच नसती. इंजिनाला थंड ठेवणारं समुद्राचं पाणी आत येतं त्या भोकात तुम्ही लाकडी काडी घातलीत आणि चुन्याच्या नळ्यांमध्ये राहणाऱ्या किड्यांचा गुंता बाहेर काढलात. बाहेरून तळ चकाचक आणि आत वाट बंद! तशीच समुद्रात गेले असते तर इंजिन तापून मधेच बंद पडलं असतं.

फरक किती पडतो, असं परवा एकीने विचारलं. युद्धनौकेच्या आकाराच्या जहाजासाठी २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, तळावर कवचधारी जीवांचा जाड थर असेल तर तोच वेग राखायला ८६ टक्क्यांपर्यंत जादा ताकद लागू शकते असं गणित निघालं होतं. माझी बोट त्यामानाने खेळणं, तिचा आकडा मी सांगू शकत नाही. पण सुकाणू हातात हलकं लागतं आणि पूर्वी ज्या गतीला इंजिन धापा टाकायचं तिथे आता ते कुरकुरत नाही.

दुसऱ्या बंदराला जाण्याआधी तळ पुसून निघायची तुमची सवय मी उचलली आहे. १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहराच्या मरिनांमध्ये, म्हणजे बोटी बांधून ठेवायच्या जागांमध्ये, बाहेरून आलेले काळ्या पट्ट्यांचे शिंपले सापडले, तेव्हा ते संपवायला क्लोरीन आणि मोरचूद टाकून तिथलं पाणी अक्षरशः निर्जीव करावं लागलं होतं. एका बोटीच्या तळावरूनही असा पाहुणा येऊ शकतो.

आता थोडं कामाचं. पुढच्या टोकाला आणि सुकाणूच्या कडेला लाल डोकवायला लागलंय, त्यामुळे पुढच्या महिन्यात बोट वर घेते आहे. पंख्यावर या वेळी सिलिकॉनचा लेप द्यावा असं मनात आहे. त्यात विष नाही, जीव चिकटले तरी धरून राहू शकत नाहीत आणि पातं वेगाने फिरलं की गळून पडतात, म्हणजे पंख्यासाठी बरा वाटतो. मात्र प्रायमर आणि लेप यांच्या मधली वेळ फार काटेकोर दिसते. त्या दिवशी तुम्ही जवळ असाल तर बरं. नुसतं "बघू" म्हणू नका, तारीख कळवा. तुमची जुनी गुडघ्याखाली घ्यायची उशी फाटली होती, नवी आणून ठेवली आहे. आणि या वेळी फवारा मी मारणार, तुम्ही लांब उभं राहून ओरडायचं.

तुमची,
पलीकडच्या बोटीवाली