'पैकी' गाळू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मध्यंतरी आमच्या भागात बचत गटांचा मेळावा झाला. मंडपातल्या फलकावर ठळक अक्षरांत लिहिले होते, 'राज्यातील ६६ टक्के महिला निरक्षर – जनगणना २०११'. शेजारी बसलेल्या मावशींनी बोटांवर मोजून मला विचारले, "बाई, आमच्या गटात दहा जणी. अंगठा दोघीच लावतात. मग इथं सहा-सात कशा लिहिल्यात?"

२०११ च्या फेब्रुवारीत मीही प्रगणक म्हणून घरोघर फिरले आहे. सात वर्षांच्या पुढच्या प्रत्येकाला कोणत्याही भाषेत समजून लिहिता-वाचता येते का, हे विचारून नोंदवले आहे. त्यामुळे तो फलक मनाला फार लागला. आकडा जनगणनेतूनच निघतो, पण वाक्य उलटे झाले आहे.

कार्यक्रमपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर मी मावशींना तक्ता काढून दाखवला. सात वर्षे व त्यावरील पुरुष सुमारे ५.१२ कोटी, त्यांत निरक्षर ६० लाख. स्त्रिया ४.७८ कोटी, त्यांत निरक्षर १.१५ कोटी. आता हे १.१५ कोटी कशाने भागायचे? सगळ्या निरक्षरांच्या बेरजेने, म्हणजे १.७५ कोटींनी भागले तर ६६ टक्के येतात. स्त्रियांच्या बेरजेने भागले तर २४. आणि सगळ्या ९.९० कोटींनी भागले तर १२ च्या आत. चौकट एकच, उत्तरे तीन, आणि तिन्ही बरोबर! साक्षरता वर्गात बायका किती येतील याचा अंदाज बांधायचा तर ६६ घ्या. बाईमाणसाच्या वाट्याला शिक्षण किती आले हे पाहायचे तर २४ घ्या आणि ते पुरुषांच्या १२ टक्क्यांशेजारी ठेवा. दुप्पट फरक तिथेच दिसतो. फलकावरच्या वाक्याने नेमका तोच झाकला.

नववीच्या वर्गात मुले हीच चूक करतात. हाताशी जी बेरीज दिसेल तिने भागून मोकळी होतात. मी त्यांना सांगते, 'पैकी'च्या आधी जो शब्द येतो, त्याची बेरीज छेदात. 'स्त्रियांपैकी निरक्षर' म्हटले की स्त्रियांची ओळ उघडी ठेवायची, बाकी तक्ता तळहाताने झाकायचा. 'निरक्षरांपैकी स्त्रिया' म्हटले की निरक्षरांचा रकाना उघडा. मराठीने ही सोय आपल्याला आयती दिली आहे, पण मथळ्यात जागा वाचवायला सगळ्यात आधी 'पैकी'च उडवला जातो.

२०२७ च्या जनगणनेचे आकडे येतील, पाहण्यांचे तर येतच असतात. आपल्या वार्ताहरांना एवढे सांगावे, की टक्क्यांच्या बातमीत 'कशापैकी' हे लिहावेच, आणि शक्य तिथे मूळ संख्यांचा छोटा तक्ताही छापावा. चार चौकटी आणि बेरजा, फार जागा लागत नाही.

आपली,
एक माध्यमिक शिक्षिका