नकार द्यायला शिकवल्याबद्दल, काकू, आभार

आदरणीय काकू,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

नागपुरातल्या सदर भागातल्या आपल्या बायबल अभ्यासगटात ‘लोक काय म्हणतील’ हा विषय तुम्ही घेतलात, त्याबद्दल हे पत्र. उघड लिहितोय, म्हणजे दुसऱ्या मंडळ्यांतही (चर्चमध्येही) कुणाला त्याचा उपयोग होईल.

पहिले आभार येशूचा शिष्य पेत्र याच्या दाखल्यासाठी. या विषयावर बोलणारे बहुतेक जण नीतिसूत्रे 29:25 काढतात, माणसाची भीती म्हणजे फास असं सांगतात आणि तिथंच थांबतात. तुम्ही प्रेषित पौलाच्या गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायापासून सुरुवात केलीत. अंत्युखिया शहरात पेत्र परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांच्या पंक्तीला बसायचा. यरुशलेमेच्या मंडळीतल्या याकोबाकडची यहुदी माणसं आली तसा तो त्यांच्या भीतीनं बाजूला झाला, आणि त्याच्या नादानं पौलाचा सोबती बर्णबाही. परराष्ट्रीयांना अशुद्ध मानू नये हे पेत्राला जिथं उमगलं, तो कर्नेल्याच्या घरचा प्रसंग (कृत्ये 10) तर आधीच होऊन गेलेला. म्हणजे बरोबर काय ते पेत्राला ठाऊक होतं. मग नुसती वचनं पाठ करून ही भीती कशी जाणार? ती ठरावीक माणसांसमोर उठते, तेव्हा आधी ती माणसं ओळखा, हा तुमचा आग्रह.

त्यासाठी वही. पानाच्या मधोमध रेघ. डावीकडे कुणी काय मागितलं आणि आपण काय उत्तर दिलं. उजवीकडे, ‘नाही’ म्हटलं असतं तर काय होईल असं वाटलं. दोन आठवडे फक्त लिहायचं, वागण्यात काही बदलायचं नाही. मग वही चाळली की तीच तीन-चार नावं पुन्हापुन्हा दिसतात. अख्ख्या जगाची भीती फारच थोड्यांना असते.

सगळ्यात मोलाचं होतं ते पौलाच्या दोन वाक्यांवरचं तुमचं बोलणं. गलती 1:10 मध्ये तो म्हणतो, मी अजून माणसांना खूश करत असतो तर ख्रिस्ताचा दास नसतो. आणि 1 करिंथ 10:33 मध्ये तोच म्हणतो, मी सगळ्यांना सगळ्या बाबतींत संतोष देतो! पण तिथं पुढे कारण दिलंय: स्वतःचं हित न पाहता, पुष्कळांचं तारण व्हावं म्हणून. तेव्हा प्रश्न एवढाच, की हा होकार समोरच्याच्या भल्यासाठी आहे की त्याच्या नजरेतल्या आपल्या नावासाठी? तुमची कसोटी सोपी होती. काम करून दिलं, आभार आले नाहीत आणि मनात धुसफुस सुरू झाली, तर ती सेवा नव्हती, सौदा होता.

सराव मात्र तुम्ही सासूबाईंपासून किंवा साहेबांपासून सुरू करू दिला नाहीत, हे फार बरं केलंत. आधी सीताबर्डीच्या दुकानात दहा कुर्ते उघडून दाखवल्यावरही ‘नाही घेत, दादा’ म्हणून बाहेर पडायचं. मग घरातलं, मंडळीतलं. कुणी काही मागितलं की लगेच हो नाही, ‘उद्या सांगते’. पण उद्या म्हणजे उद्याच, नाहीतर ती टाळाटाळ होते. मधल्या वेळात त्या माणसाचं नाव घेऊन प्रार्थना करायची आणि 2 करिंथ 9:7 वाचायचं: जबरदस्तीनं नव्हे, मनात ठरवल्याप्रमाणे. नकार एका वाक्यात, आणि जे जमेल ते दुसऱ्या वाक्यात: ‘मावशी, नाताळच्या जेवणाचा पुलाव जमणार नाही, कांदे-काकड्या चिरायला सकाळी दहा ते बारा येते.’

फसतं ते कारणं देताना. घरी पाहुणे आहेत म्हटलं, की ‘मग पाहुण्यांनाही घेऊन या’. प्रत्येक कारणावर समोरच्याकडे तोडगा असतो, आणि खोटं कारण दिलं तर मत्तय 5:37 (तुमचं होय ते होय, नाही ते नाही असावं) आडवं येतं. दुसरी चूक रात्री होते. मनाला टोचणी लागते आणि ‘बरं, करते मी’ असा मेसेज जातो. फोन सकाळपर्यंत बाजूला ठेवायचा. आणि तिसरी, म्हणजे ‘प्रभूनंच मला नको म्हटलंय’ अशी ढाल. त्यावर तुम्ही जवळजवळ रागावला होतात, आणि ठीकच होतं. मारहाण होणाऱ्या घरात हा सराव करायचा नाही, आधी सुरक्षित जागा आणि मदत बघायची, हेही तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलंत.

नकारानं नातं तुटत नाही, याचा नागपूरकरांना तुम्ही दिलेला दाखला तर घरचाच. 29 नोव्हेंबर 1970 रोजी याच शहरात सहा वेगवेगळे चर्चपंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. मेथडिस्ट चर्च इन सदर्न एशिया या एकीकरणाच्या बोलण्यांत वर्षानुवर्षं होतं, पण शेवटच्या टप्प्यात नको म्हणालं. आजही दोन्हीकडचे लोक एकमेकांच्या लग्नाला, मातीला जातातच की.

पावसाळ्यानंतर नवा गट बसतोय. पहिले दोन पाठ घ्यायला याल का? उद्या सांगितलंत तरी चालेल, आणि नाही म्हणालात तर कारण विचारणार नाही.

तुमच्या अभ्यासगटातले आम्ही सगळे
नागपूर