उत्सव वाटेचा, तोही सुगीनंतर

संपादक महोदय,

पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे जाणारी पायवाट वर्षातून एकदा, आषाढात, साऱ्या महाराष्ट्राला आठवते. 12 जुलै 1660 च्या रात्री शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटले. दुसऱ्या दिवशी घोडखिंडीत बाजीप्रभू आणि बांदलांचे मावळे धारातीर्थी पडले. त्याचे स्मरण जुलैतच, पावसातच, चिखल तुडवत व्हायला हवे आणि ते तसेच चालू राहावे. पण स्मरण वेगळे आणि वाटेचा उत्सव वेगळा. पन्हाळा नगराने या वाटेचा स्वतःचा उत्सव सुरू करावा आणि तो पावसाळ्यात न भरवता सुगी आटोपल्यावर, मार्गशीर्षात भरवावा, ही सूचना मांडण्यासाठी हे पत्र.

11 जुलै 2025 रोजी मराठा लष्करी भूदृश्यांतील 12 किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत पन्हाळा आहे. गडाच्या वास्तूंची काळजी घेणारे पुरातत्त्व खाते आहे. वाटेला मात्र असा कोणी धनी नाही. तुरुकवाडी, म्हाळुंगे, मसाई पठार, कुंभारवाडी, खोतवाडी, करपेवाडी, आंबर्डे, पाटेवाडी, म्हसवडे, पांढरेपाणी असा हा पन्नासएक किलोमीटरचा पल्ला. त्यातला काही भाग वनखात्याच्या हद्दीत, काही गायरानात, तर काही थेट लोकांच्या खाचरांच्या बांधावरून जातो. ज्याला मालक नाही त्याला गावाने आपले म्हणावे लागते, आणि उत्सव त्यासाठीच हवा. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या डमास्कस या जेमतेम हजारभर वस्तीच्या गावाने हेच केले. साडेतीन हजार किलोमीटरची ॲपलाचियन पायवाट त्या गावाच्या मुख्य रस्त्यावरून जाते, आणि 1987 पासून दर मे महिन्यात तिथे वाटेचा उत्सव भरतो. आपल्या वाटेला तर त्याहून कितीतरी मोठा इतिहास आहे.

जुलै का नको, याचे पहिले कारण खाचर. त्या दिवसांत पन्हाळा-शाहूवाडीत रोप लावण ऐन भरात असते. वाट चिखलाने भरली की चालणारा साहजिकच कडेच्या बांधावर चढतो. बांध माती-गवताचा, पाण्याने मऊ झालेला. दोनशे-तीनशे पावले पडली की तो ढासळतो, खाचरातले पाणी निघून जाते आणि नुकती लावलेली रोपे उघडी पडतात. पाणी लगेच अडवले नाही तर तेवढ्या वाफ्याची लावण पुन्हा करायची पाळी येते. तोवर तरवा, म्हणजे लावणीसाठी वाढवलेली रोपे, संपलेला असतो. तुटलेला बांध शेतकरी स्वतःच घालतो, त्याची भरपाई कोणी देत नाही.

दुसरे कारण साध्या गणितात आहे. ही वाट बहुतेक ठिकाणी एका माणसाच्या रुंदीची. निसरड्या उतारावर एक माणूस हात टेकत, काठी रोवत उतरायला दहा सेकंद घेतो असे धरा. पाचशे माणसे एकापाठोपाठ आली तर शेवटच्याला त्या एका उतारावर जवळपास दीड तास थांबावे लागेल. कोणी तेवढा थांबत नाही. लोक कडेच्या गवतातून नवी वाट पाडतात, पुढच्या वर्षी ती दुसरी वाट होते आणि दोन पावसाळ्यांत तिथे ओघळ पडतो. हाच हिशेब चाळीसच्या तुकडीला लावला तर शेवटचा माणूस सात मिनिटांत उतरून जातो आणि गवतात कोणी पाऊल टाकत नाही. म्हणून उत्सवाच्या चालण्यात चाळीस-चाळीसच्या सहा तुकड्या असाव्यात, दोन तुकड्यांत वीस मिनिटांचे अंतर ठेवावे आणि दिवसाला 240 हून एकही जास्त माणूस घेऊ नये. पहिली तुकडी साडेसहाला सोडली तर सहावी आठ वाजून दहा मिनिटांनी निघते. उजाडण्याआधी कोणालाही सोडू नये. या पट्ट्यात गवे आहेत आणि पहाटेच्या अंधारात ते वाटेवर दहा पावलांवर आले तरी दिसत नाहीत. आकडा छोटा वाटेल, पण दोन दिवसांत 480 माणसे होतात, आणि बाकीच्यांसाठी गडावर उत्सव आहेच.

काहीजण म्हणतील, मग सप्टेंबरात करा, मसाईवर फुले असतात. नेमके त्यासाठीच सप्टेंबर नको. मसाई हा जांभ्याचा सडा, म्हणजे उघडे कातळाचे पठार. कातळावर माती कुठे चार बोटे, कुठे तीही नाही, आणि त्या मातीतच गेंद, सीतेची आसवे, तेरडा, सोनकी उगवतात. ओल्या मातीवर गाडीचे एक चाक फिरले की जो चरा पडतो तो पुढची कित्येक वर्षे दिसतो. पठार आता संवर्धन राखीव क्षेत्र आहे, तेव्हा वनखात्याची परवानगी लागेलच. पण परवानगी मिळाली तरी गाड्या रस्त्याच्या टोकाशीच थांबाव्यात आणि पठारावर तंबू, मांडव, ध्वनिक्षेपक काहीही असू नये.

मार्गशीर्षाच्या सुमारास भात घरात आलेले असते, खाचरे मोकळी असतात, गुऱ्हाळे सुरू झालेली असतात आणि गावकऱ्यांच्या हाताला थोडी उसंत असते. माती पूर्ण वाळून टणक झालेली नसते, त्यामुळे टिकाव चालतो. वाटेच्या दुरुस्तीला हीच वेळ, आणि आमच्या मते उत्सवाचा गाभा मिरवणुकीत नसून या दुरुस्तीत असावा. दोन दिवस चालायचे असतील तर त्याआधीचे दोन दिवस काम करायचे. पहिल्या वर्षी राजदिंडी, म्हणजे ही वाट गडावरून जिथून उतरते ती दिंडी, ते मसाई पठार एवढाच टप्पा घ्यावा. सगळी वाट एकदम हातात घेतली तर एकही जागा धड होत नाही.

वाट बिघडते ती पायांनी कमी आणि पाण्याने जास्त. उतारावरची जुनी वाट पावलांनी खोलगट होते, मग डोंगराचे पाणी तिलाच ओढा समजून धावते, माती वाहून जाते आणि दगड उघडे पडतात. वाटेवर मुरूम पसरणे हा सर्रास केला जाणारा उपाय फुकट जातो, कारण पहिल्या मोठ्या पावसात मुरूम खालच्या खाचरात जाऊन बसतो. पाणी वाटेतून बाहेर काढणे हाच खरा उपाय, आणि त्यासाठी आडव्या दगडी चरी लागतात.

चर वाटेला काटकोनात कधीही घालू नये. काटकोनात पाणी अडून थांबते, गाळ साचतो आणि पंधरा दिवसांत चर बुजते. ती वाटेच्या दिशेशी साधारण 45 अंशांत तिरकी, उताराच्या बाजूला तोंड करून घ्यावी, म्हणजे पाण्याच्या वेगानेच गाळ बाहेर जातो. चढ खडा असेल तिथे दर सात-आठ मीटरला एक, सौम्य असेल तिथे पंधरा-वीस मीटरला एक पुरते. चरीच्या खालच्या अंगाला दीड-दोन फूट लांबीचे दगड एकमेकांना भिडवून उभे रोवायचे. दगडाचे दोन हिस्से जमिनीत आणि एक हिस्सा वर. अर्ध्याहून जास्त दगड वर राहिला की पहिल्याच पावसाळ्यात गुरांच्या खुरांनी तो हलतो. दगड काळा घ्यावा. जांभा कामाला सोपा, पण कडा झिजतात. दोन्ही टोकांना दगडांची ओळ वाटेच्या कडेपेक्षा फूटभर पुढे न्यावी, नाहीतर लोक चर चुकवून बाजूने चालतात, नवी पायवाट पडते आणि पाणी तिच्यातून वाहते. चरीचे तोंड कुणाच्या खाचरात काढू नये, ते गवतात किंवा नैसर्गिक वगळीत, म्हणजे ओघळीत, सोडावे. ही चूक फार होते आणि तिच्यावरून होणारी भांडणे अगदी न्याय्य असतात.

सवयीची चौघांची टोळी, एक पहारवाला, एक टिकाववाला आणि दोघे दगड वाहणारे, दिवसाला अशा चार-पाच चरी करते. शहरातून आलेल्या नवख्यांकडून दोन झाल्या तरी पुष्कळ. म्हणून प्रत्येक टोळीत निदान एक गावकरी, ज्याने बांध घातले आहेत असा, असावा आणि त्याला दिवसाची पूर्ण मजुरी मिळावी. ज्याच्या हातात कसब आहे त्याने फुकट राबावे आणि ज्याला काही येत नाही त्याने छायाचित्रे काढावीत, हे बरोबर नाही. चरी घातल्यावर काम संपत नाही. मेच्या मध्यावर पालापाचोळा काढून तोंडे मोकळी करायची आणि जुलैच्या शेवटी एकदा पुन्हा. तेवढी मजुरी उत्सवाच्या पैशातून आधीच बाजूला ठेवावी.

दुसरे काम खुणांचे. खडकांवर तैलरंगाने बाण मारण्याची पद्धत बंद व्हावी. वेगवेगळ्या गटांचे बाण वेगवेगळ्या दिशांना नेतात आणि जुने बाण कोणी पुसत नाही. वाट सर्वात जास्त चुकते ती मसाईवर, कारण तिथे चढ-उतार नाही, झाड नाही आणि गुरांच्या वाटा सगळीकडे फुटतात. धुके उतरले की पंचवीस-तीस पावलांपुढे दिसत नाही. तिथे खुणेचा नियम एकच: एका खुणेपाशी उभे राहिल्यावर धुक्यातही पुढची दिसली पाहिजे. म्हणजे दर पंचवीस पावलांना एक. सड्यात खड्डे खणण्याऐवजी गुडघाभर उंचीच्या दगडांच्या राशी रचाव्यात, तळाला रुंद आणि वर निमुळत्या. त्यासाठी पठारावरचे दगड उचलू नयेत, खालून आणावेत. दगडाखालची ओल हेच विंचू, बेडूक आणि सरड्यांचे घर असते.

जेवणाचा हिशेब सोपा आहे. माणशी तीन भाकऱ्या धरल्या तर 240 जणांना 720 लागतात, म्हणजे सुमारे 70 किलो पीठ. चुलीवर एक बाई तासाला पंचवीसेक भाकऱ्या करते, तेव्हा दहा जणींना तीन तास. हे काम म्हाळुंगे-तुरुकवाडीच्या महिला गटांना दर ठरवून द्यावे. शिदोरीत पातळ पिठले देऊ नये, ते दुपारपर्यंत आंबते. कोरडा झुणका, खर्डा, शेंगदाण्याची चटणी, कांदा आणि गुऱ्हाळातला ताजा गूळ. भाकरी ज्वारीची, कारण तांदळाची गार झाली की चिवट होते. पाणी माणशी चार लिटर, म्हणजे वीस लिटरचे 48 जार. मार्गशीर्षात पठारावरच्या पाण्यावर भरवसा ठेवता येत नाही.

या हंगामाचा एकच मोठा धोका आहे, वणवा. गवत वाळायला लागलेले असते. मशाल मिरवणूक काढायचीच तर ती गडावरच्या डांबरी रस्त्यावर, तटाच्या आत काढावी; राजदिंडीच्या खाली एकही मशाल नको, शेकोटी नको. फटाके तर अजिबात नकोत. कड्यांच्या कपारीत आग्या मोहोळे असतात, ती उठली तर अरुंद वाटेवर पळायला जागा नसते. फुरसे आणि घोणस याही दिवसांत वाटेवर असतात. सर्पदंश झाल्यास कापणे, करकचून बांधणे यांपैकी काही करू नये. पाय हलू न देता, फळी लावून माणसाला उचलून न्यावे. कोणत्या रुग्णालयात त्या दिवशी लस शिल्लक आहे हे आदल्या संध्याकाळी फोन करून खात्री केलेले असावे.

गडावर मर्दानी खेळ, शाहिरी, धनगरी ढोल हे सगळे व्हावे. फक्त मांडवाच्या मेखा जुन्या दगडकामात ठोकू नयेत. तटबंदीपासून 100 मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आहे, पुढचे 200 मीटर नियंत्रित आहेत, तेव्हा व्यासपीठाच्या जागेबद्दल पुरातत्त्व खात्याला दोन महिने आधी अर्ज करावा. गाड्या वर आणूच नयेत. गडावर येणारा रस्ता जुलै 2021 च्या अतिवृष्टीत खचला तेव्हा एकाच रस्त्यावर गाव किती अवलंबून आहे ते सगळ्यांनी पाहिले. वाघबीळजवळ मोकळी जागा भाड्याने घ्यावी आणि तिथून एसटीच्या फेऱ्या कराव्यात.

एक काम मात्र मार्गशीर्षापर्यंत थांबवता येणार नाही. पाणी वाटेत नेमके कुठून शिरते ते कोरड्या दिवसात दिसत नाही. त्यामुळे नगरपरिषद, वनखाते आणि म्हाळुंगे-तुरुकवाडीचे दोन-तीन जाणते शेतकरी यांनी येत्या ऑगस्टमध्ये, पाऊस कोसळत असताना, राजदिंडीपासून मसाईपर्यंत एकदा चालत जावे आणि जिथे पाणी वाटेवर वळते त्या प्रत्येक जागी बांबूची खुंटी ठोकून यावी. चुन्याची खूण करू नये, संध्याकाळपर्यंत ती धुऊन जाते.

आपले,
पन्हाळा–पावनखिंड वाटेवर नेहमी जाणारे काही पदभ्रमंतीकार, कोल्हापूर