कोरोनात कर्ता गेला, सातबाऱ्यावर तिचं नाव कधी लागणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोरोनाचा विषय निघाला की लोक आता 'गेले बाई ते दिवस' म्हणून मोकळे होतात. आमच्याकडे खेड्यात मात्र २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये ज्या घरातला कर्ता माणूस गेला, तिथे ते दिवस अजून सरलेले नाहीत. मी मराठवाड्यात बचत गटांचं काम करते. गटाच्या बैठकीला ज्या बायका शेवटच्या रांगेत, दाराशी बसतात, त्यांच्याविषयी हे पत्र आहे.

पहिल्या लाटेत आम्ही वेशीवर काट्या टाकल्या, पुण्या-मुंबईहून परतलेल्यांना चौदा दिवस शाळेत ठेवलं आणि वाटलं, निभावलं. दुसरी लाट घराघरांत शिरली. त्या दोन महिन्यांत गावात छातीच्या स्कॅनवरून एकच प्रश्न ऐकू यायचा, 'स्कोअर किती आला?' तालुक्याला ऑक्सिजन नाही, जिल्ह्याला बेड नाही, म्हणून बार्शी, सोलापूर, लातूर असं गाडीत घालून माणसं फिरवली. कुणी वाटेतच गेलं. कुणासाठी बैलजोडी विकली, कुणासाठी दागिने मोडले, वर पतसंस्थेचं कर्ज झालं. माणूस वाचला नाही आणि हप्ते राहिले.

एका बाईचं सांगते, नाव लिहीत नाही. वय पस्तिशीच्या आत, दोन लेकरं. नवरा जिल्ह्याच्या गावी वारला, तिथल्या माणसांनी परस्पर अग्नी दिला. ही आणि मुलं पॉझिटिव्ह, म्हणून शाळेच्या खोलीत. कडू घास घेऊन यायला कुणी नाही, गळ्यात पडून रडायला कुणी नाही, दहावाही चार माणसांत उरकलेला. आमच्याकडे मयताच्या घरी भावकीच्या, गल्लीतल्या बायका दहा-बारा दिवस बसून असतात, त्या बाईला बोलतं करतात, बळंच दोन घास खायला लावतात. त्या वर्षी हे सगळं बंद होतं. आजही बोलता बोलता ती मध्येच थांबते आणि म्हणते, 'मी तोंडसुद्धा नाही बघितलं त्यांचं.' रात्री झोप लागत नाही, मेडिकलवाल्याला विचारून गोळी घेते. मनाच्या डॉक्टरकडे जायचं तर जिल्ह्याला जावं लागतं. त्यासाठी मजुरी कोण बुडवणार?

सरकारनं काहीच केलं नाही, असं मी म्हणणार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मृताच्या वारसाला ५० हजार रुपये सानुग्रह मदत मिळाली. आईवडील दोघंही गेलेल्या मुलांच्या नावावर राज्यानं ५ लाखांची ठेव ठेवली. ऑगस्ट २०२१ मध्ये 'मिशन वात्सल्य' आलं, कोरोनात एकट्या पडलेल्या बायकांना सगळ्या योजना एका जागी मिळाव्यात म्हणून तालुक्याला समित्या नेमल्या. कल्पना फार चांगली होती. पण विधवा-निराधारांना दरमहा पैसे देणाऱ्या संजय गांधी निराधार योजनेला तेव्हा वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१ हजार रुपये होती. महिन्याला पावणेदोन हजार. रोजानं खुरपायला जाणारी बाईसुद्धा एवढ्यात बसत नाही, मग दाखला मिळावा म्हणून खोटं उत्पन्न लिहायची पाळी येते. ही लाज त्या बाईच्या पदरी कशाला?

पैशाच्या मदतीपेक्षा मोठा प्रश्न जमिनीचा आहे, आणि त्याविषयी फारसं कुणी बोलत नाही. गेलेला माणूस कसत होता ती जमीन कित्येक घरांत आजही सासऱ्याच्या किंवा आजेसासऱ्याच्या नावावर आहे. वाटणी तोंडी झालेली. नवरा होता तोवर कुणाचं काही अडत नव्हतं. तो गेल्यावर दीर म्हणतात, 'पोरं मोठी होऊ दे, मग बघू.' माझ्या माहितीतल्या दोघी त्याच शब्दांवर माहेरी जाऊन बसल्या आहेत. कायदा त्यांच्या बाजूनं आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात विधवा पत्नी पहिल्या वर्गातली वारस आहे आणि सासऱ्याच्या आधी मुलगा वारला असेल, तर सासऱ्याच्या पश्चात त्याची विधवा सूनही त्याच वर्गात येते. पण हे त्यांना सांगणार कोण? तलाठ्याकडे अर्ज, वारसाची नोंद, मग फेरफार, या पायऱ्या एकट्या बाईला चढू न देण्याची युक्ती भावकीला बरोबर ठाऊक असते.

सातबाऱ्यावर नाव नसलं की पीककर्ज नाही, अतिवृष्टीचं अनुदान दुसऱ्याच्या खात्यावर, पीएम किसानचे सहा हजारही नाहीत. एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला, तोही जमिनीच्या नोंदीवरूनच मिळतो. म्हणजे जी बाई उन्हात शेत राखते, ती कागदावर शेतकरीच नाही.

त्याच एप्रिलमध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम सुरू झाली, मयत खातेदारांची नावं काढून वारसांची लावायला. बुलढाण्यात करून बघितलेलं काम राज्यभर नेलं, याचा मला मनापासून आनंद झाला. याद्या चावडी वाचनातून झाल्या. आमच्या भागातल्या चावडीवर बायका जातात कुठे? जिनं हक्क सांगायचा ती चार तालुके पलीकडे माहेरी, आणि वारस कोण हे सांगायला तिचेच दीर हजर. अशा यादीत तिचं नाव सुटलं तर नवल नाही.

म्हणून महसूल खात्याला माझी विनंती आहे की वारसांची यादी वाचताना गावातल्या आशाताई आणि अंगणवाडी ताईंना समोर बसवावं. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत ऑक्सिमीटर घेऊन याच बायका घरोघर फिरल्या. कुठल्या घरात कोण गेलं, मागे कोण राहिलं, ती आता कुठे आहे, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही. जी माहेरी आहे तिला तिथल्या पत्त्यावर नोटीस जावी, आणि तिचं म्हणणं ऐकल्याशिवाय फेरफार मंजूर होऊ नये.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेनं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला आणि सरकारनं तो सगळ्या गावांपुढे ठेवला. तो ठराव मला फार मोलाचा वाटतो. त्याच ग्रामसभांनी आता जमिनीचाही ठराव घ्यावा. नवरा हयात असतानाच बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावण्याची 'लक्ष्मीमुक्ती' योजना राज्यात १९९२ पासून आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं त्याआधीच ही चळवळ गावोगाव नेली होती. आमच्या गटातल्या बायकांना मी योजनेचं नाव सांगितलं, तर बहुतेकींनी ते पहिल्यांदाच ऐकलं. तलाठी कार्यालयाबाहेर या योजनेचा फलक लागावा आणि अर्ज गावातच भरून घ्यावेत, एवढी मागणी आपल्या वृत्तपत्रानं लावून धरावी.

आपली,
बचत गटाची एक कार्यकर्ती, मराठवाडा